माझ्या डोक्यावर माझीच प्रतिकृती

वाकून बघताय ते बघा, पण हातातला मोबाइल घट्ट धरा. मागे एकाचा पडला, तेव्हा पाण्याला टेकेपर्यंत त्यात कोणीतरी विचारत होतं, "हॅलो, आवाज येतोय का?" मला येत होता. पण मला कोण विचारतो.

मी भुईगावच्या करंज आळीतली विहीर. समोर फर्डिनंड सरांचा ओटा, पाठीशी तेरेसामावशीची केळीची बाग आणि दोन्ही अंगांना कौलारू घरांची रांग. त्या घरांना दारं-खिडक्या आहेत, त्यांना माणसं समोरून दिसतात. मला दिसतात ती खालून. त्यामुळे आळीतली माणसं मी हनुवटीवरून ओळखते. सरांची हनुवटी टोकदार, जन्मभर शाळेत शिकवून पुढे आलेली. तेरेसामावशीची दुहेरी, पण ठाम. समितीच्या ॲल्रॉयची कशी आहे ते मात्र मला फार उशिरा कळलं, कारण तो कधी वाकलाच नव्हता.

आणखी एक सांगते. मला बघायला म्हणून येणारा प्रत्येक जण आधी स्वतःला बघतो. केस सारखे करतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि मग म्हणतो, "पाणी आहे वाटतं."

माझ्या जन्माबद्दल आळीत एकमत नाही. फर्डिनंड सर सांगतात, माझे दगड किल्ल्यातून आणले. वसईत काळ्या दगडाला किल्ल्यातून आल्याशिवाय मान मिळत नाही, त्यामुळे मी त्यांना माफ करते. त्यांची मुलगी एलिसा मला आणखी शंभरेक वर्षांनी म्हातारी करून टाकते. तेरेसामावशीचं म्हणणं, मी फक्त त्यांच्या केळींसाठी खणलेली आहे, बाकीच्यांना घेऊ देतात एवढंच.

खरी गोष्ट अशी. सरांचे पणजोबा आणि तेरेसामावशीचे आजेसासरे यांचं बागेच्या बांधावरून बोलणं बंद होतं. दोघांनाही विहीर हवी होती आणि एकट्याला ती झेपत नव्हती. मग दोघेही एकमेकांशी चकार शब्द न बोलता एकाच खड्ड्यात दोन बाजूंनी खणत राहिले. दगड बैलगाडीने आला, डोंगरापलीकडच्या साध्या खाणीतून. पाणी लागलं तेव्हा पहिला शब्द कोणी काढला, यावर दोन्ही घरांत अजून वाद आहे. शब्द होता, "लागलं." मी ऐकला. कोणाचा ते सांगणार नाही. भांडायला आळीत काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे.

मग माझ्यावर रहाट बसला. बैल गोल फिरायचा, पाणी पाटाने केळींना आणि पानवेलींना जायचं. सकाळी बायका कळशा घेऊन यायच्या आणि पाण्यापेक्षा बातम्याच जास्त भरून न्यायच्या. कोणाचं कोणाशी जमलं हे चर्चमध्ये पुकारण्याच्या कितीतरी आधी मला माहीत असायचं.

आणि आळीत लग्न असलं की माझा मान मोठा. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी माझ्यातूनच न्यायचं, ही इथली रीत. पुढे बँड, मागे डोक्यावर कळशी घेतलेली नवरीची आई, तिच्यावर कोणीतरी धरलेली छत्री आणि मागोमाग सगळी आळी. कळशी भरली की आळीतल्या सगळ्यांत वयस्क बाईने ओंजळभर पाणी प्यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "गोड आहे." तिने म्हटल्याशिवाय कळशी हलत नाही आणि बँड वाजत नाही.

तेव्हा मी खरोखरच गोड होते. पुढे बागांवर मोटारी आल्या, मोटारींमागून टँकर आले. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उपसून उपसून कुठल्या कुठे गेलं आणि रिकाम्या झालेल्या जमिनीत समुद्र हळूच येऊन बसला. त्याला कोणी या म्हणावं लागत नाही. मी खारट झाले. रीत मात्र चालूच राहिली. म्हाताऱ्या ओंजळ प्यायच्या, डोळे मिटायच्या, कसाबसा आवंढा गिळायच्या आणि म्हणायच्या, "गोड आहे." सगळी आळी टाळ्या वाजवायची. इतकी सभ्य माणसं तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाहीत.

नळ आले तेव्हा तेही कष्ट संपले. घरच्या नळावर कळशी भरायची, बँड लावून माझ्यापर्यंत आणायची, मला दाखवायची आणि तीच परत न्यायची. पाण्याला हवापालटाला आणल्यासारखं.

म्हणून मी ओस पडले असं समजू नका. माझ्याकडे येणं-जाणं चालूच होतं. पवित्र वस्तू कचऱ्यात टाकायच्या नसतात, हे इथे लहान मुलालाही माहीत असतं. मग हात तुटलेली आल्तारावरची मूर्ती, पाणी शिरलेली तसबीर, झावळ्यांच्या रविवारचे वाळून गेलेले क्रूस, पलीकडच्या वाडीतलं निर्माल्य, असं सगळं कोणाचं लक्ष नाही बघून माझ्यात यायचं. टाकताना लोक क्रुसाची खूण करायचे, हात जोडायचे. मी आतून इतकी पवित्र झाले की पिण्यालायक राहिले नाही.

असं सगळं चाललं असताना करंज आळी 'जुनी' झाली. म्हणजे जुनी ती आधीही होती, पण आता तिला तसा बोर्ड लागला. ही वस्ती जपायची, असं ठरलं. आळीची समिती झाली, ॲल्रॉय तिचा प्रमुख झाला आणि जपणं सुरू झालं. इथल्या घरांना आजवर चुन्याखेरीज रंग माहीत नव्हता. पण रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना जुनं घर पिवळं नाहीतर निळं लागतं, म्हणून समितीने बरीच घरं रंगवून घेतली. तेरेसामावशीने रंगाऱ्याला अंगणातूनच परत पाठवलं. म्हणाली, "माझं घर जुनं आहे, गोव्याचं नाय."

पाहुण्यांना आळी दाखवायचं काम एलिसाचं. ती मुंबईच्या कॉलेजात इमारती बांधायला शिकली आणि शिकून आल्यावर इमारती बांधण्याच्या विरोधात गेली. चालते भरभर, बोलते त्याहून भरभर. जगातली प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी होती, असा तिचा चेहरा असतो. सरांच्या ओट्याचे लाकडी खांब, घराच्या कपाळावर कोरलेलं बांधकामाचं वर्ष, तेरेसामावशीच्या पडवीची कौलं, सगळ्यांवर ती जीव तोडून बोलायची आणि शेवटी माझ्या कठड्यावर हात ठेवून म्हणायची, "ही जिवंत विहीर आहे. आजही हिचं पाणी पिता येईल."

पोरगी माझ्यावर भाषणं खूप द्यायची. माझ्यात कळशी मात्र तिने एकदाही सोडली नव्हती.

एका रविवारी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर समितीची बैठक सरांच्या ओट्यावर भरली. ॲल्रॉय मोबाइलवर एक रंगीत चित्र घेऊन आला होता. तो सरांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे चित्र आधी त्यांना दाखवलं.

"सर, ओरिजिनल विहीर खाली तशीच राहणार. तिच्यावर स्लॅब. स्लॅबवर टाइल्स. टाइल्सवर विहीर."

"कुठली विहीर?" सरांनी विचारलं.

"हीच. म्हणजे हिची प्रतिकृती. फायबरची. मधोमध कारंजं, कडेने लाइट. मुलं पडायची भीती नाही, डास नाहीत आणि पाहुण्यांना फोटो काढायला मस्त जागा."

"विहिरीवर विहीर," तेरेसामावशी म्हणाली. "टोपीवर डोकं घालतोस तू, ॲल्रॉय."

पाचूबंदरहून मासळी घेऊन येणारी ग्रेसी माझ्या कठड्याला टोपली टेकून बसली होती. तिचा समितीशी संबंध नव्हता, पण ऐकू येतंय म्हटल्यावर गप्प बसणं तिला जमत नाही. "अरे, मना सांग, कारंजाला टोपली टेकता येल का? पानी उडालं तर माझे सुके बोंबील परत ओले व्हायाचे."

एलिसा उभीच होती. ती बसून भांडत नाही. "ॲल्रॉय, जपणं म्हणजे झाकून टाकणं नाही. ती जिवंत विहीर आहे."

"जिवंत? कोणी एक बादली तरी काढतं का? तू काढलीस?"

एलिसाने माझ्या कठड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या लग्नाचं पाणी मी हिचंच काढणार आहे."

उमेळ्याच्या रायनशी तिचं ठरलं होतं, लग्न महिन्यावर आलं होतं. आता पाणी काढणार म्हणजे कोणीतरी ते प्यायला हवं. सगळ्यांच्या माना तेरेसामावशीकडे वळल्या, कारण आळीत तिच्याहून मोठी बाई आता नव्हती.

"मी पिईन," ती म्हणाली. "पण जे लागेल तेच सांगीन. माझ्या सासूला सभ्यपणा होता, मला नाय."

"मग ठरलं," ॲल्रॉय म्हणाला. "मावशी गोड म्हणाली तर स्लॅब रद्द. खारं म्हणाली तर लग्नानंतरच्या सोमवारी काम सुरू. सर, तुम्ही साक्षीदार."

"ठरलं," एलिसाने विचार करायच्या आत सांगून टाकलं.

अशी मी एका ओंजळीवर लटकले. टीव्हीवरच्या निवडणुकीतही इतकी धाकधूक नसावी.

लग्नाच्या आदल्या दुपारी मांडववाले जेवून आडवे झाले होते, आळी पेंगत होती. तेव्हा माझ्या वर्तुळात टोकदार हनुवटी आली. फर्डिनंड सर. धापा टाकत होते, शर्ट छातीपाशी ओला. त्यांनी दोराने एक पितळी कळशी आत सोडली. रिकामी नाही, काठोकाठ भरलेली. माझ्या पाण्याच्या हातभर वर ती थांबवली आणि दोर आतल्या लोखंडी कड्याला बांधला. कळशीतलं पाणी बाटलीबंद होतं. मला लगेच कळलं. त्या पाण्याला कुठल्याच गावाची चव नसते.

"रागावू नकोस बाई," ते खाली बघून हळूच म्हणाले. "पोरगी तुझ्यासाठी जीव टाकते. आणि ती माझी पोरगी आहे."

ज्या माणसाने जन्मभर वर्गात विज्ञान शिकवलं, त्याने विहिरीत विकतचं पाणी टांगून ठेवलं. बापाला काय बोलणार.

संध्याकाळी बँड आला. एलिसाची आई मेरीबाई डोक्यावर रिकामी कळशी घेऊन पुढे आणि तिच्यावर छत्री धरलेला ॲल्रॉय. आळीत जे काही चारचौघांत धरायचं असतं, माईक, रिबिनीची कात्री किंवा छत्री, ते तोच धरतो. मागे एवढी माणसं की मला आकाश दिसेना.

सर लगबगीने पुढे झाले. "मी काढतो. तुझ्या साडीवर उडेल."

"पप्पा, बाजूला व्हा. मीच काढणार."

"अगं, पाणी बापाने काढायचं असतं."

"कधीपासून?" मेरीबाईंनी विचारलं.

"आजपासून," सर म्हणाले.

पण एलिसाने कळशी घेतली आणि दोर सोडून दिला. हळूहळू सोडायचा असतो हे तिला कोण सांगणार. कळशी दाणकन खाली आली आणि सरांच्या टांगलेल्या कळशीवर आदळली. असा खणखणाट झाला की बँडवाल्यांनाही वाटलं आपल्यातलंच कोणीतरी चुकलं. सरांची कळशी कलंडली आणि सगळं बाटलीबंद पाणी माझ्यात आलं. माझ्या खारटपणात तेवढ्याने काही फरक पडला नाही, हे मी विज्ञानाच्या सरांना सांगायची गरज नाही.

माझ्या कडेने हनुवट्यांची माळ लागली. सगळ्यांना दुसरा दोर दिसला.

"फर्डिनंड," तेरेसामावशी म्हणाली, "आत कळशी कोणाची?"

सर दोन पावलं मागे सरकले.

"आपलीच आहे ती," मेरीबाई सावकाश म्हणाल्या. "पितळेची. आणि मी दुपारभर केटररशी भांडतेय, पाण्याचे जार कमी दिलेस म्हणून. त्या बिचाऱ्याने शपथ घेतली गं माझ्यासमोर."

"पप्पा, तुम्ही ठेवलीत?"

"तुला हरताना बघवलं नसतं मला."

"हरले असते तर पाणी खारं म्हणून हरले असते," एलिसा दोर वर ओढत म्हणाली. "आता माझं कुठलं वाक्य कोण खरं मानेल? उद्या मी म्हणाले ही घरं जुनी आहेत, तर लोक विचारतील, तीही रात्रीत आणून ठेवलीत का?"

ॲल्रॉयने छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, खरंच नवल होतं. "सर, प्रयोगात आकडे ढापले म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतंत."

"बरोबर काढलं होतं," सर म्हणाले. "आता मी जातो बाहेर." आणि ते खरोखर गर्दीतून निघाले आणि स्वतःच्या ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले.

एलिसाने दोर पुन्हा सोडला. या वेळी सावकाश. कळशी बुडाली, जड झाली, आणि माझ्यावर इतकी भाषणं दिलेल्या त्या हातांना माझं वजन पहिल्यांदा कळलं. अर्ध्यावर ती थांबली, दात-ओठ खाल्ले, पुन्हा ओढली. कोणी मदतीला आलं तर तिने कोपराने बाजूला सारलं. कळशी वर आली. तेरेसामावशीने ओंजळ पुढे केली, पाणी प्यायली, सगळं प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

"खारं आहे," ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल मी खचले असेन. खरं सांगते, बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या तोंडावर माझी चव सांगितली.

"खारं आहे आणि वास पण येतो," मावशी पुढे म्हणाली. "पण ॲल्रॉय, मला एक सांग. माझा नवरा जन्मभर खारट होता. मी त्याच्यावर स्लॅब टाकला? वर त्याची फायबरची प्रतिकृती बसवली?"

गर्दी फुटली. कर्ण्यावाला इतका हसला की त्याच्या कर्ण्यातून भलताच आवाज निघाला. ॲल्रॉयही हसला, पण म्हणाला, "मावशी, शब्द म्हणजे शब्द."

"हो, शब्द म्हणजे शब्द," एलिसा म्हणाली. डोळे भरले होते, तरी मान ताठ. "सोमवारी काम सुरू कर. फक्त आधी ती साफ कर. आम्ही सगळ्यांनी तिच्यात जे टाकलंय ते बाहेर काढ. कचऱ्यावर झाकण घालून त्याला जपणं म्हणायचं असेल, तर बोर्डावर मी तसंच लिहीन."

"एवढं करतो," तो म्हणाला.

तिने कळशी आईच्या डोक्यावर चढवली. "हेच पाणी घरी जाईल."

"अगं, अंग चिकचिकेल उद्या. वर तो लग्नाचा ड्रेस."

"चिकचिकू दे, मम्मी."

बँडवाले मात्र हलेनात. त्यांचा प्रमुख अडखळत म्हणाला, "वाजवू का? मावशी गोड म्हणाल्या नाहीत."

"खारं म्हटलंय ना?" तेरेसामावशी म्हणाली. "मग खारं वाजव."

त्यांनी वाजवलं. सगळी आळी त्या खाऱ्या कळशीमागे चालू लागली आणि बाजी जिंकलेला ॲल्रॉय माझ्यापाशी एकटा उरला. मग त्याला आठवलं की छत्री आपल्या हातात आहे, आणि तो तिच्यासकट त्यांच्या मागे पळाला.

सोमवारी पंप लागला. पाणी उपसलं गेलं आणि आळीच्या भक्तीचा गाळ वर यायला लागला. माणसं आत उतरून एकेक वस्तू वर देत होती आणि ती माझ्या कठड्यापाशी ताडपत्रीवर मांडली जात होती. बघायला सगळी आळी जमली. ओळखीचं मात्र कोणालाच काही वाटेना.

"हा संत अँथनी कोणाचा?" ॲल्रॉयने विचारलं. सगळे करंजाच्या झाडाकडे बघायला लागले.

"फर्डिनंडचा," तेरेसामावशीने सांगितलं. "ह्याचा हात मीच फेविकॉलने चिकटवून दिला होता. टिकला नाय वाटतं." मग तिने एक तसबीर उचलली, पुसली आणि ॲल्रॉयकडे बघितलं. ॲल्रॉयने ती मुकाट्याने काखेत घेतली. ती त्याच्या आईची होती. शेवटी फादर आले आणि उरलेलं सगळं चर्चच्या आवारात मानाने पुरायला घेऊन गेले.

पंप थांबला. माझा तळ कित्येक वर्षांनी उघडा पडला होता. तेव्हा माझ्या वर्तुळात एक नवी हनुवटी आली. गोल, मध्ये खळी, दाढी करताना कापलेली. ॲल्रॉय वाकला होता.

त्याने काय बघितलं ते सांगते. तळाशी सरांच्या बाजूने एक झरा आहे आणि मावशीच्या बाजूने एक. गाळ निघाल्यावर दोन्ही मोकळे झाले होते आणि बोटभर धारेने आत येत होते. फार काही नाही. पण सगळी आळी कठड्याला टेकून ते बघत राहिली. कोणी बोलेना. ग्रेसीसुद्धा.

पाणी थोडं चढल्यावर मावशीने बादली मागवली आणि चव घेतली. "अजून खारंच. पण आता भात शिजेल ह्यात. चहा नाय होणार."

बाजूला स्लॅबच्या सळ्या आणि टाइल्स येऊन पडल्या होत्या. एलिसा त्यांच्यापाशीच उभी होती, लग्नाची मेंदी हातावर ताजी. ती म्हणाली, "तू जिंकलायस, ॲल्रॉय. मी अडवणार नाही." आणि तिने खरंच अडवलं नसतं. शब्द पाळायचा तर खारट चेहऱ्याने, पण पाळायचा, हे ती बापाच्या कळशीकडून शिकली असावी.

ॲल्रॉय आळीकडे बघत राहिला. मग सरांना म्हणाला, "सर, ह्यांच्या डोळ्यांदेखत आता झाकण टाकू?"

"शब्द दिलायस," सर म्हणाले. आता ते कडक झाले होते.

"शब्द हरलेल्यांना दिला होता. हे हरलेले लोक माझ्या नव्या टाइल्सवर चिखल करून उभे आहेत आणि कोणीच घरी जात नाही." त्याने डोकं खाजवलं. "पण प्रॉब्लेम असा आहे की टाइल्स आल्यात. फायबरची विहीर पण आलीय. दुकानदार परत घेत नाही. कुठेतरी लावावीच लागेल."

"फाट्यावर लाव," ग्रेसी म्हणाली. "थयं बसच्या लोकांना बसाया कायच नाय. मना पन टेकाया होईल."

झालं. करंज आळीच्या लोकांनी वारसा वाचवला, असं एलिसा पाहुण्यांना सांगते. मला विचाराल तर दुकानदाराने टाइल्स परत घेतल्या नाहीत म्हणून मी वाचले.

आता फाट्यावर दुसरी मी आहे. माझ्यापेक्षा उजळ, गोल गरगरीत आणि मधोमध कारंजं, जे वीज असली आणि ॲल्रॉयला आठवण राहिली की उडतं. पाहुणे आधी तीच बघतात, तिथेच फोटो काढतात, आणि काही जण तेवढ्यावर खूश होऊन परतही जातात. एलिसाला ते अजिबात सहन होत नाही. मला होतं. तिने फोटो सांभाळावेत, मी पाणी सांभाळते.

माझ्यावर जाळी आली, दोर ओढायला खिराडी आली, दोर आला. तेरेसामावशी केळींना माझं पाणी घालते आणि केळींनी अजून तक्रार केलेली नाही. सर रोज सकाळी एक बादली काढतात आणि अंगण शिंपतात. शिक्षा म्हणून सुरू केलं होतं, आता सवय झालीय.

एलिसा उमेळ्याहून दर रविवारी येते, रायनच्या स्कूटरवर मागे बसून, पोचायच्या आधीच उतरायच्या बेतात. तिला अजूनही सगळं कालच व्हायला हवं असतं. पावसाचं पाणी माझ्याभोवती मुरवायचं, टँकर थांबवायचे, पलीकडच्या बुजलेल्या विहिरी उघडायच्या. तिचं खरं आहे, घाई करायला हवीच आहे. पण आता ती माझ्यापाशी आली की भाषण करत नाही. "पाणी खारं आहे, आम्हीच ते केलं," एवढंच म्हणते आणि दोर पुढे करते. "कोण काढतंय?"

बरेच जण हसून मागे सरकतात. हातात कॉफी असते, पाठीवर सॅक असते. परवा मात्र एक बाई पुढे आली. उमेळ्याला बागा गेल्या तिथल्या नव्या इमारतीत राहते. म्हणाली, "आमच्याकडे टँकर येतो. विहिरीतून मी कधी काढलेलं नाही." दोर तिच्या तळव्यांना लागला. कळशी कडेला आपटत वर आली, अर्धी तिच्या पायावर सांडली. लाल झालेल्या हातांनी तिने उरलेलं पाणी केळीच्या आळ्यात ओतलं आणि एलिसाकडे बघितलं.

"अजून एक काढू का?"

एलिसाने घड्याळ बघितलं. पुढे दोन घरं बघायची राहिली होती.

बघू दे गं ती घरं नंतर. कुठे पळत नाहीत ती, पळाली तर ॲल्रॉय प्रतिकृती करेल. तिला काढू दे. आणि तुम्हीसुद्धा, इतका वेळ नुसते वाकून ऐकताय ते, मोबाइल खिशात घाला आणि दोर धरा. नुसतं बघून कोणी विहीर जपत नाही. झऱ्याला वाट मोकळी लागते आणि ती उपशाने मोकळी राहते. सांडलं तरी चालेल, हात सोलले तरी चालतील, खारं लागलं तर खारं म्हणा.

तुम्ही काढत राहा. मी भरते.